गाडीचा हीटर अचानक गार हवा मारायला लागला? शाल घेण्याआधी कूलंटची बाटली बघा

पहाटे साडेतीनला आम्ही नागपूर सोडलं. टिपेश्वरची सकाळची सफारी होती आणि उजाडायच्या आत सुन्ना गेटवर पोचायचं होतं. गाडी काकांची, दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. बुटीबोरीपर्यंत हीटरची अशी मस्त ऊब होती की मागे बसलेल्या पोरांनी स्वेटर काढून टाकले होते. जाम ओलांडलं आणि हवा कोमट झाली. हिंगणघाट मागे पडेपर्यंत ती चक्क गार येत होती.

नॉब पूर्ण लाल खुणेवर, फॅन जोरात, तरी पायांवर बर्फासारखी हवा. आम्ही डॅशबोर्डवर दोनचार थापा मारून बघितल्या. तापमानाचा काटा बघितला, तर तो नेहमीसारखा मधोमध. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, हीटर तेवढा बिघडलाय, असं गाडीतल्या पाचही जणांनी ठरवून टाकलं. काका म्हणाले, “बंद कर तो हीटर, शाल घे. तासाभराचा तर प्रश्न आहे.”

वर्धा नदीचा पूल गेला, वडकी गेलं, करंजी गेलं. पांढरकवडा अगदी हाकेच्या अंतरावर असताना तो मधोमध असलेला काटा एकदम उसळला आणि लाल पट्ट्यात गेला. काकांनी गाडी बाजूला घेईपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती.

सफारी गेली ती गेलीच. नंतर गाडी ओढून पांढरकवड्यातल्या एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मग रेडिएटरचं झाकण उघडलं, टॉर्च मारली आणि आमच्याकडे बघत म्हणाले, “हीटर तं चांगलाच हाय जी तुमचा. कूलंट नाही गाडीत. हीटर थंडा झाला तवाच गाडी सांगून रायली होती ना बाप्पा. तुम्ही शाल घेतली!”

एका होज पाइपची क्लिप सैल झाली होती. तिथून थेंब थेंब करत कूलंट कधी संपलं ते कळलंच नाही. क्लिप चिल्लर पैशांची. पण तिच्यापायी हेड गॅस्केट उडालं आणि काकांचं बिल त्याच्या नावाने फाटलं. गाडी आठवडाभर पांढरकवड्यातच राहिली.

त्यानंतर मी या हीटरच्या मागे लागले. गार पडलेल्या हीटरचा आणि तापलेल्या इंजिनाचा संबंध काय? आणि आपल्या भागात हे कुणालाच कसं माहीत नसतं?

हीटरला स्वतःची आग नसते

घरातला रूम हीटर लावला की त्याची कॉइल लाल होते. गाडीतल्या हीटरमध्येही अशीच काहीतरी कॉइल असेल असं आपल्याला वाटतं. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या गाडीत सहसा तसं काही नसतं. तिथे वापरली जाते ती इंजिनाची फुकट जाणारी उष्णता.

ढोबळ हिशोब असा की, इंजिनात जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा गाडी पळवायला लागते. बाकीची उष्णता होऊन जाते, थोडी सायलेन्सरमधून आणि थोडी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात. हे पाणी म्हणजेच कूलंट. वॉटर पंप ते इंजिनात फिरवतो, तापलेलं कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि परत येतं.

या तापलेल्या कूलंटची एक छोटी फांदी डॅशबोर्डच्या मागे येते. तिथे पुस्तकाएवढा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. आपण हीटर लावतो तेव्हा ब्लोअरचा फॅन या कोअरवरून हवा फेकतो, ती गरम होऊन आपल्या पायाशी येते. बस, एवढाच कारभार. म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गार हवा येणं हा बिघाड नसतो. कूलंटच तापलेलं नसतं, तर हवा कुठून तापणार? डिझेल इंजिनाला तर तापायला आणखी वेळ लागतो.

आता आमच्या गाडीचं काय झालं ते बघू. बऱ्याच गाड्यांमध्ये हीटर कोअर कूलंटच्या वाटेतल्या उंच जागी बसलेला असतो. कूलंट कमी व्हायला लागलं की हवा वर चढते आणि आधी तिथेच साचते. घरातल्या टाकीचं पाणी उतरलं की सगळ्यात वरच्या मजल्यावरचा नळ आधी कोरडा पडतो ना, तसंच. हीटर कोअर हा गाडीतला वरच्या मजल्यावरचा नळ आहे. तो कोरडा पडला तेव्हा खाली इंजिनात थोडं कूलंट शिल्लक होतं, त्यावर आम्ही तासभर गाडी पळवली.

मग काट्याने आधी का नाही सांगितलं? हे मला सगळ्यात जास्त खटकलं होतं. तापमानाचा काटा ज्या सेन्सरवर चालतो, तो कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली की तो हवेच्या पोकळीत लटकतो, आणि भोवतीचा धातू भाजत असताना काटा निवांत बसून राहू शकतो. नंतर उकळती वाफ सेन्सरपर्यंत पोचते आणि काटा एकदम उसळतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. इंजिनाचं हेड बहुतेक गाड्यांमध्ये ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं. हेड आणि ब्लॉक यांच्या मधली गॅस्केट तिथे जागा सोडते. लोक ज्याला ‘हेड गॅस्केट उडालं’ म्हणतात ते हेच.

त्यात आता बऱ्याच गाड्यांना काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन गार, लाल दिवा म्हणजे इंजिन तापलं, मधलं काही नाही. अशा गाडीत पायाशी येणारी हवा अचानक गार होणं ही लाल दिव्याच्या आधी मिळणारी एकमेव खूण असू शकते.

पण विदर्भात हीटर लावतो कोण?

हा प्रश्न मिस्त्रींनीच विचारला होता, हसत. आपली ओळख उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, गाडी घेताना माणूस एसी किती गार करतो ते बघतो आणि हीटरचा नॉब वर्षातले दहा महिने निळ्या टोकाला चिकटलेला असतो.

पण थंडीही इथे गंमत म्हणून पडत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात किमान तापमान ३.५ अंश नोंदवलं गेलं होतं. त्यात पांढरकवडा ज्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे, म्हणजे जुन्या सातव्या क्रमांकाच्या महामार्गावर, तिथली वाहतूक रात्रंदिवस चालू. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे उतरतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या शेतांतून धुकं येतं, काचेवर आतून वाफ धरते आणि समोर कापसाने फुगलेली गाडी बिनदिव्याची उभी असते. त्या वेळी हीटर ही चैन राहत नाही, समोरची काच साफ ठेवायला तो लागतो.

(काच साफ करायची योग्य पद्धत बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून सांगून टाकते. हीटर आणि एसी दोन्ही एकत्र लावा, हवेचा रोख काचेकडे करा आणि हवा बाहेरून घ्या, आतल्या आत फिरवू नका. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर ती कोरडी हवा गरम करतो. दोन्ही एकमेकांच्या विरोधात काम करतात असं वाटतं, पण काच मिनिटाभरात मोकळी होते.)

हीटर वर्षातून दोनच महिने लागत असल्यामुळे होतं काय, तो बिघडला तरी कुणी दुरुस्त करत नाही. आणि त्याने दिलेला इशारा थेट उन्हाळ्यात फुटतो. डिसेंबरमध्ये हळूहळू गळणारी गाडी हवा थंड असल्यामुळे कशीबशी निभावते. तीच गाडी एप्रिलमध्ये भर दुपारी एसी लावून, पाच माणसं आणि लग्नाचं सामान घेऊन निघाली की रस्त्यात बसते.

बिघाड नेमका कुठे आहे ते घरी कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी एक सोपा फरक समजून घ्या. हवा येतेय पण गार येतेय, की हवाच येत नाही? हवाच येत नसेल तर प्रकरण विजेचं आहे: फ्यूज, ब्लोअरची मोटर किंवा तिचा रेझिस्टर. फॅन फक्त सगळ्यात वरच्या नंबरवर चालतो आणि खालच्या नंबरांवर बंद असतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टरच गेलेला असतो. हवा येते पण अगदीच मलूल येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. कापसाच्या हंगामात या पट्ट्यात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर बघाल तर धूळ आणि तूस मिळून त्याची गादी झालेली असते. या गोष्टींनी इंजिनाला धोका नाही, सवडीने करा.

हवा जोरात आणि गार येत असेल तर मात्र पहिलं काम कूलंट बघायचं. गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन गार असताना. बॉनेटखाली अर्धपारदर्शक बाटली असते, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर इंजिन पूर्ण गार असताना तेही उघडून बघा. कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. झाकणाचं रबर कडक झालं की बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जात नाही, आणि आपण बाटलीकडे बघून खूश राहतो.

तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीच उघडू नका. झाकणामुळे आत दाब असतो, त्या दाबाखाली कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब गेला, आणि सगळं एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. मिस्त्रींच्या हातावर त्याची जुनी खूण होती, त्यांनी ती न विचारता दाखवली.

कूलंट कमी निघालं तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. ही बंद व्यवस्था आहे, कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलं. गाडीखाली हिरवा, गुलाबी किंवा लाल डाग आहे का? होज पाइपच्या टोकाशी, वॉटर पंपाखाली, रेडिएटरच्या जाळीवर वाळलेली पापडी आहे का? बाहेर काहीच नसेल तर आत बघा. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला आणि चिकट लागतोय, गाडीत गोडसर वास येतोय, हीटर लावला की काचेवर तेलकट धुकं धरतंय, तर हीटर कोअरच गळतोय. नुसता ओला असेल आणि चिकट नसेल तर ते बहुधा एसीचं पाणी असतं, त्याची नळी तुंबली की तेही तिथेच सांडतं. बोटाला लावून चोळलं की फरक कळतो. चाखायचं मात्र अजिबात नाही. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष आहे. अंगणात सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा, कुत्री ते चाटतात.

बाहेर गळत नाही, आत गळत नाही, तरी कूलंट कमी होतंय आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतोय, बाटलीत बुडबुडे दिसतायत किंवा ऑइलचा रंग दुधाळ झालाय, तर कूलंट इंजिनाच्या आत जळतंय. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या.

कूलंट पुरेसं आहे, तरी हवा गार?

मग संशयित नंबर दोन थर्मोस्टॅट. हा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, आत मेण भरलेलं. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे कूलंट इंजिनातच फिरून लवकर तापतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं आणि वाट उघडते. विजेशिवाय, कॉम्प्युटरशिवाय चालणारी ही करामत मला फार आवडली.

थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर कूलंट सतत रेडिएटरमधून जात राहतं आणि हवं तेवढं तापतच नाही. याची खूण अगदी ठरलेली आहे: गावात ट्रॅफिकमध्ये हीटर बरा चालतो, हायवेला लागलं की हवा कोमट होते आणि काटाही खाली येतो. निळा दिवा असलेल्या गाडीत तो बराच वेळ जात नाही. यात इंजिन लगेच बसणार नाही, पण ते कायम अर्धवट तापलेलं राहतं, पेट्रोल जास्त पितं. आपल्याकडे काही गॅरेजमध्ये ‘उन्हाळ्यात गाडी तापू नये’ म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायची पद्धत आहे. तेव्हा जुन्या गाडीचा हीटर कधीच नीट तापत नसेल तर तो बिघडलाय की कुणी काढूनच ठेवलाय, हेही विचारा.

याच्या उलट खूण म्हणजे गाडी उभी असताना हवा गार आणि रेस दिली की गरम. म्हणजे कूलंटला पुरेसा जोर मिळत नाही. पातळी कमी असेल, आत हवा अडकली असेल किंवा वॉटर पंप थकला असेल. डॅशबोर्डच्या मागून माठात पाणी ओतल्यासारखा गुळगुळ आवाज येत असेल तर हवा अडकलीय हे नक्की. कूलंट बदलल्यावर दोन-चार दिवसांत हीटर गार पडला तर हेच कारण असतं: कूलंट भरलं पण हवा काढली नाही. ज्याने भरलं त्याच्याकडे परत जा, ते त्याचंच काम आहे.

मिस्त्री लोकांची खरी परीक्षा मात्र दोन पाइपांची. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून दोन बारके रबरी पाइप आत जातात, एकातून कूलंट हीटर कोअरमध्ये जातं, दुसऱ्यातून परत येतं. इंजिन चांगलं तापवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून ते बघतात. दोन्ही पाइप गरम असतील तर कूलंट कोअरपर्यंत नीट पोचतंय, दोष हवेच्या वाटेत आहे. एक गरम, दुसरा गार असेल तर कोअर तुंबलाय, किंवा काही गाड्यांमध्ये पाइपवर असणारा हीटर व्हॉल्व्ह उघडत नाहीये. दोन्ही कोमट किंवा गार असतील तर मागे सांगितलेल्या गोष्टींकडे परत या. हे स्वतः करणार असाल तर ओढणी, मफलर, सैल बाह्या बॉनेटपासून लांब ठेवा. रेडिएटरचा फॅन कधीही सुरू होतो, काही गाड्यांमध्ये तर इंजिन बंद केल्यावरही. आणि तापलेला पाइप मुठीत धरायचा नाही, बोट टेकवून लगेच काढायचं.

दोन्ही पाइप गरम असताना हवा गार येण्याचं कारण बहुधा डॅशबोर्डमधलं एक साधं प्लास्टिकचं दार असतं. हे दार हवा हीटर कोअरवरून न्यायची की बाजूने, ते ठरवतं. जुन्या गाडीत ते नॉबला जोडलेल्या केबलने हलतं, ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत छोट्या मोटरने. केबल निसटली तर नॉब एकदम हलका फिरतो. मोटरचे दाते झिजले तर तापमान बदलताना डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो. एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार हवा येत असेल तरी पहिला संशय या दारावरच घ्यावा.

बोअरचं पाणी आणि ‘बायपास’

कोअर तुंबतो कशाने, हे पांढरकवड्यात वेगळं सांगायला नको. कूलरच्या गवतावर दोन महिन्यांत जो पांढरा थर चढतो, तोच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार उष्णतेने बाहेर पडून चिकटतात, आणि हीटर कोअरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तुंबायला त्यांचा पहिला नंबर लागतो. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला, पाणी टाक’ हा सल्ला मी घरातही ऐकलाय. पण कूलंटचं काम नुसतं गोठू न देणं नाही. ते पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यासाठीच ते जास्त उपयोगाचं आहे, आणि त्यातली रसायनं आतून गंज धरू देत नाहीत. रस्त्यात अडचणीत पाणी टाकावं लागलं तर जरूर टाका, इंजिन वाचवणं आधी. नंतर मात्र ते काढून कंपनीने सांगितलेलं कूलंट भरून घ्या. घट्ट कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटर वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो तेच.

गळती बंद करणाऱ्या पावडरीही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. ती पावडर भोक कुठलं आणि नळी कुठली हे ओळखत नाही. कोअर आधीच अर्धा तुंबलेला असेल तर तो पूर्ण तुंबतो.

कोअर गळायला लागला की त्याची किंमत नाही, मजुरी भारी पडते, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये तिथे पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून आपल्या भागात एक शॉर्टकट चालतो, बायपास. आत जाणारे दोन्ही पाइप बाहेरच एकमेकांना जोडून टाकायचे. गळती थांबते, गाडी चालते, हीटर कायमचा संपतो. मिस्त्रींचं म्हणणं, ‘हीटर पाहिजेच कोणाले?’ गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार केला तर ते अगदीच चूक नाही. पण मला ते पटत नाही, कारण हा हीटर आपल्याला मे महिन्यात लागतो.

तो असा. भर उन्हात काटा चढायला लागला की सगळ्यात आधी एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, फॅन पूर्ण जोरात लावा. ४५ अंशांत हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर कोअर हा दुसरा रेडिएटर आहे, तो इंजिनाची काही उष्णता ओढून गाडीत सोडतो. सावली आणि सुरक्षित जागा मिळेपर्यंतची दोन-चार मिनिटं त्याने मिळू शकतात. थांबल्यावर इंजिन बंद करा, तासभर तरी झाकणाला हात लावू नका. आणि हीटर लावल्यावर त्यातून गार हवा आली तर पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ असा विचारही करू नका. काटा चढलेला आणि हीटर गार, याचा अर्थ आत फिरायला कूलंटच उरलेलं नाही. जिथे आहात तिथेच बाजूला घेऊन बंद करा.

हीटरचा एक धोका थंडीतलाही आहे. बंद जागेत किंवा रस्त्याकडेला इंजिन सुरू ठेवून, काचा लावून, हीटरच्या उबेत झोपू नका. सायलेन्सर कुठे फुटका असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना यातलं बरंच काही लागू नाही. तिथे फुकट उष्णता देणारं इंजिनच नाही, त्यामुळे बॅटरीवर चालणारा हीटर किंवा हीट पंप असतो. हीटर लावला की रेंज थोडी कमी होते, तो बिघडला तर सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. त्यातल्या हाय व्होल्टेज वायरिंगला घरी हात लावायचा नाही.

काकांनी ती गाडी नंतर विकायला काढली, तेव्हा बघायला आलेल्या एका माणसाने एप्रिलच्या दुपारी आत बसून आधी हीटर लावला. आम्ही सगळे बघतच राहिलो. घामाने निथळत त्याने दहा मिनिटं गाडी चालू ठेवली, आधी उभी, मग रस्त्यावर एक चक्कर. मग बॉनेट उघडून ते दोन पाइप आत जातायत की बाहेरच जोडलेत ते बघितलं, बाटलीत कूलंट आहे की नुसतं पाणी ते बघितलं. काकांनी त्याला हेड गॅस्केटचं बिल स्वतःहून दाखवलं. गाडी त्यानेच घेतली.